रविवार, संकष्टी, पाळी आणि अर्धशिशी: नोकरदार बाईच्या आठवड्यात डोकं नेमकं कुठे उठतं

प्रश्न थोडक्यात असा: वय ३८, बँकेत नोकरी, डोंबिवली ते फोर्ट रोज लोकलने. पहाटे पाचला उठायचं, झोपायला रात्रीचे साडेअकरा. महिन्यातले आठ-दहा दिवस डाव्या बाजूचं डोकं ठणकतं, उजेड आणि आवाज नकोसा होतो, उलटी झाली की जरा हलकं वाटतं. रविवारी, पाळीच्या सुमारास आणि संकष्टीला हमखास. वर्षातून दोन-तीनदा दुखायच्या आधी वीसेक मिनिटं डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा. आईलाही अर्धशिशी होती. घरचे म्हणतात पित्त, ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात मान. केमिस्टकडची अर्गोटामिन-कॅफिन-पॅरासिटामॉलची गोळी महिन्यात बारा दिवस तरी घ्यावी लागते. रक्तस्राव जास्त होतो म्हणून गर्भनिरोधक गोळ्या सुचवल्या आहेत, त्या घ्याव्यात का? आणि नोकरी सोडली तर हे थांबेल का?

आधी निदान. मायग्रेन, म्हणजे अर्धशिशी, ठरतो तो वर्णनावरून, स्कॅनवरून नाही. औषध न घेता ४ ते ७२ तास टिकणारं दुखणं, असे किमान पाच हल्ले. एका बाजूला, ठणका मारणारं, मध्यम ते तीव्र, जिना चढला की वाढणारं, या चारांपैकी दोन गोष्टी. आणि सोबत मळमळ-उलटी किंवा उजेड व आवाज दोन्हींचा त्रास. तुमचं वर्णन यात बसतं. डोळ्यांपुढच्या रेषा म्हणजे ऑरा. त्याचं महत्त्व पुढे गर्भनिरोधक गोळ्यांच्या वेळी येईल, म्हणून ही गोष्ट डॉक्टरांना न विसरता सांगा. बऱ्याच बायका ती सांगतच नाहीत, कारण "तेव्हा डोकं दुखत नव्हतं".

पित्ताचा समज पसरण्यामागे कारण आहे. हल्ल्यात जठराचं काम मंदावतं, खाल्लेलं तासन्‌तास पोटात राहतं, मळमळ होते. उलटी बहुतेकदा हल्ला ओसरायच्या सुमाराला होते, म्हणून उलटीनेच बरं वाटलं असं वाटतं. पण मळमळीचा उगम मेंदूच्या खोडात असतो. पॅन्टोप्राझोलसारखी पित्ताची गोळी वर्षभर घेऊनही डोकं थांबत नाही ते यामुळेच. मानेचं तसंच: मान आखडणं हे कित्येकदा हल्ल्याच्या आधी काही तास दिसणारं लक्षण असतं. अडतिसाव्या वर्षी मानेच्या एक्स-रेत थोडी झीज बऱ्याच जणांची दिसते. तेवढ्यावरून पट्टा लावून फिरायची गरज नाही.

आता "जीवनशैलीमुळे मायग्रेन होतो का" हा प्रश्न. तसा होत नाही. मायग्रेन होण्याचा साधारण निम्मा वाटा आनुवंशिक आहे, तुमच्या बाबतीत आईकडून आलेला. वयात येईपर्यंत मुला-मुलींमध्ये प्रमाण जवळपास सारखं असतं. पाळी सुरू झाली की बायकांमध्ये ते पुरुषांच्या साधारण तिप्पट होतं आणि तिशी-चाळिशीत, म्हणजे नोकरी, मुलं आणि सासू-सासऱ्यांची आजारपणं एकत्र येतात त्याच वयात, सर्वाधिक असतं. कर्नाटकात झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लोकसंख्या-पाहणीत प्रौढांमध्ये वर्षभरातलं मायग्रेनचं प्रमाण सुमारे २५ टक्के निघालं. तेव्हा हा तुमच्या वागण्याचा दोष नाही. वागण्यातून, म्हणजे खरं तर दिनक्रमातून, ठरतं ते महिन्यात हल्ले किती येतात हे. दोनवर राहतात की दहावर जातात. तेवढं मात्र आपल्या हातात बरंच आहे.

मायग्रेनच्या मेंदूला बदल सोसत नाही. झोप, भूक, तहान आणि संप्रेरकं यांचं वेळापत्रक मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग सांभाळतो, आणि हल्ला सुरू व्हायच्या आदल्या दिवशीच त्याचं काम बदललेलं स्कॅनमध्ये दिसलं आहे. म्हणून कमी झोपेने डोकं दुखतं तसं जास्त झोपेनेही दुखतं. ताणाने दुखतं तसं ताण उतरल्यावरही दुखतं. काय खाल्लं यापेक्षा किती वाजता खाल्लं याला जास्त वजन आहे. "हे पदार्थ टाळा" असल्या लांबलचक याद्यांवर माझा फारसा भर नाही. चॉकलेटचंच घ्या. हल्ल्याच्या आधीच्या काही तासांत गोड खावंसं वाटणं, सारख्या जांभया येणं, चिडचिड होणं ही हल्ल्याचीच पहिली लक्षणं आहेत. बाई चॉकलेट खाते, तीन तासांनी डोकं उठतं आणि दोष चॉकलेटला लागतो. चिनी पदार्थांतल्या अजिनोमोटोविरुद्धचा पुरावाही तितकाच कच्चा आहे. दारू, विशेषतः रेड वाइन, खरंच चालत नाही अशा बऱ्याच जणी असतात. बाकी पदार्थ स्वतःच्या नोंदीत तीनदा-चारदा सापडल्याशिवाय सोडू नका.

तुमचा रविवार उलगडून बघू. एरवी पाचला उठता आणि सव्वापाचला पहिला चहा. रविवारी आठला उठता, नऊला चहा. शनिवारी शेवटचा चहा संध्याकाळी पाचला झाला असेल तर मधे सोळा तास गेले. एरवी हे अंतर बारा तासांच्या आसपास असतं. चहाच्या पूर्ण कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असतं. दिवसाला चार-पाच कप म्हणजे २०० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि एवढी सवय लागलेल्या शरीरात कॅफिन थांबल्यापासून बारा ते चोवीस तासांत डोकं दुखू लागतं. त्यात शनिवारी रात्री साडेनऊला जेवण आणि रविवारी साडेदहाला पोहे, म्हणजे पोट तेरा तास रिकामं. तीन तास जादा झोप. आठवड्याचा ताण अचानक उतरलेला. आणि रविवार म्हटलं की डोक्यावरून अंघोळ, मग ओल्या केसांनी बाजारात उन्हात. यातली एकेक गोष्ट एरवी तुम्ही पचवता. रविवारी सकाळी चार तासांत पाच गोष्टी एकदम येतात.

उपाय असा: रविवारी फार तर सहा-साडेसहाला उठा. चहा घ्या आणि त्याच्यासोबत दोन घास खा. झोप हवीच असेल तर दुपारी वीस-तीस मिनिटं आडवं व्हा, गजर लावून. खरी दुरुस्ती मात्र आठवड्याच्या दिवसांत करायची आहे. साडेपाच तासांची झोप कमीच आहे, आणि रविवारची उशिरापर्यंतची झोप ही तिची वसुली आहे. गजर पाचलाच ठेवून झोपायची वेळ दर चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. साडेदहापर्यंत पोचायला दोन-अडीच आठवडे लागतील. हा तास कुठून काढायचा? रात्रीचा ओटा आवरणं, दूध तापवणं, डब्याची भाजी चिरून ठेवणं, मुलांचं दप्तर ही कामं पाहा. यांतली दोन घरातल्या दुसऱ्या माणसाकडे कायमची गेली पाहिजेत. "मदत करतो" एवढ्यावर भागत नाही, काम ज्याचं त्याने आठवणीशिवाय करायचं. औषधाच्या चिठ्ठीवर हे लिहिता येत नाही, पण झोपेचा एक तास मिळाला तर बऱ्याच जणींना गोळीची गरज कमी होते. घोरणं, सकाळी डोकं जड होऊन जाग येणं आणि वाढलेलं वजन असं एकत्र असेल तर झोपेत श्वास अडकतो का, हे तपासून घ्या.

चहा सोडायची गरज नाही. दिवसाला दोन, फार तर तीन कप, रोज ठरलेल्या वेळी, शेवटचा चारच्या आत. पाचवरून दोनवर यायचं तर आठवड्याला एकच कप कमी करा. एका सोमवारी "आजपासून चहा बंद" केलंत तर बुधवारपर्यंत डोकं धरून बसाल आणि चहाच बरा होता असं ठरवाल.

आता उपास. संकष्टीला चंद्रोदय रात्री नऊच्या मागेपुढे असतो. सकाळी अकराला साबुदाण्याची खिचडी, मग दिवसभर चहावर चहा, आणि थेट रात्री जेवण, असा दिवस मायग्रेनला आमंत्रणच देतो. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, साखर झटकन चढते आणि उतरते. उपास श्रद्धेचा भाग आहे, तो मोडा असं सांगायचं नाही. पण दर चार तासांनी काहीतरी पोटात गेलं पाहिजे आणि त्यात प्रथिनं हवीत. सकाळी सातला राजगिऱ्याचा लाडू आणि दूध. अकराला भगर आणि दाण्याची आमटी. तीनला मूठभर भाजके दाणे किंवा उकडलेलं रताळं. साडेसहाला ताक किंवा दही, आणि मग चंद्रोदयाला जेवण. पाणी नेहमीइतकंच. हरतालिकेचा निर्जळी उपास मात्र मायग्रेन असलेल्या बाईने करू नये, पाणी आणि फळं घेऊन करावा. नवरात्रात नऊ दिवस धरणाऱ्यांचं डोकं पहिल्या दोन दिवसांतच बहुधा उठतं, कारण जेवणासोबत चहाचं गणितही त्याच दिवशी बदललेलं असतं. संकष्टी आणि पाळी एकाच आठवड्यात आली तर त्या महिन्याचा उपास सोडून द्या.

एरवीच्या दिवसांतही दोन खाण्यांमधे पाच तासांपेक्षा जास्त जाऊ देऊ नका. पाचला उठून सव्वासहाची लोकल पकडणाऱ्या बाईचा नाश्ता दहाला ऑफिसात होतो, हे फार उशिरा. निघण्याआधी एक दशमी, उकडलेलं अंडं किंवा भिजवलेले दाणे-बदाम, जे उभ्या उभ्या खाता येईल ते. पर्समध्ये फुटाणे किंवा चिक्की राहू द्या, लोकल अडकली की उपयोगी पडते. डोकं दुखतच जाग येत असेल तर झोपताना कपभर दूध किंवा लहानसं काही खाऊन बघा.

पाण्याबद्दल एक अडचण उघडपणे बोलली जात नाही. लोकलमध्ये स्वच्छतागृह नाही, स्टेशनवरच्यात जाववत नाही, म्हणून हजारो बायका सकाळी पाणीच पीत नाहीत आणि ऑफिसात पोचेपर्यंत घसा कोरडा पडलेला असतो. घरी उठल्या उठल्या एक मोठा पेला प्या, पाऊण तासाने लघवीला जाऊन मग निघा. ऑफिसात पोचल्यावर अर्धा लिटर, जेवणापर्यंत आणखी अर्धा, निघायच्या दीड तास आधी थांबा. दिवसाला दोन-सव्वादोन लिटर, एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या उन्हात जास्त. लघवी फिकट पिवळी असली की पुरेसं आहे.

पाळी. एस्ट्रोजेन हे संप्रेरक पाळीच्या तोंडावर झपाट्याने उतरतं, त्या उतारावर हल्ला येतो. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत हा धोक्याचा काळ, आणि तीनपैकी दोन पाळ्यांना तसं घडत असेल तर तो पाळीशी जोडलेला मायग्रेन समजतात. हे हल्ले लांबतात आणि गोळीला सहज दाद देत नाहीत. इथे दिनक्रमाचा उपयोग एवढाच, की या पाच दिवसांत दुसरं काहीही अंगावर घ्यायचं नाही: जागरण नाही, उपास नाही, लग्नाचा प्रवास शक्यतो नाही. पाळी नियमित असेल तर याच दिवसांपुरतं नॅप्रोक्सेन हे वेदनाशामक ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा जेवणानंतर, असा छोटा प्रतिबंधक क्रम डॉक्टर देतात. जठरात व्रण, मूत्रपिंडाचा त्रास, दमा किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर तो चालत नाही, म्हणून विचारूनच घ्या.

इथे आपल्याकडची एक खास गोष्ट: केस धुणं. डोक्यावरून अंघोळ केल्यावर मायग्रेन उठतो, हे भारतीय बायकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं छापली, तेव्हा ते वैद्यकीय साहित्यात आलं. लांब केस, ते वाळायला लागणारे दोन-तीन तास, त्यातच केलेली घाई. आणि अनेक घरांत न्हाणं पाळीच्या चौथ्या दिवशी, म्हणजे धोक्याच्या काळाला अगदी लागून. ते पाचव्या-सहाव्या दिवसावर ढकला. रिकाम्या पोटी न्हाऊ नका. पाणी कोमट, कढत नाही. शिकेकाई असो की शाम्पू, उग्र वासाचा नको. टॉवेलने टिपून केस मोकळे ठेवा, ओल्या केसांचा घट्ट अंबाडा घालू नका, आणि तशाच एसीखाली किंवा स्कूटरवर बसू नका. ऑफिसच्या दिवशी पहाटे धुण्यापेक्षा सुट्टीच्या दिवशी नाश्त्यानंतर दहाला धुणं बरं. एवढं करूनही दर वेळी डोकं उठत असेल तर धुण्याआधी एक वेदनाशामक घ्यायचा सल्ला देता येतो, पण तो दिवस महिन्याच्या गोळ्यांच्या हिशेबात धरायचा.

गणपती, सत्यनारायण, लग्नकार्य आलं की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या केमिस्टकडून थेट घेतल्या जातात. त्या बहुधा नॉरइथिस्टेरॉनच्या असतात. शरीरात तिचा थोडा अंश एस्ट्रोजेनमध्ये बदलतो, शिवाय गोळ्या थांबवल्या की संप्रेरकं एकदम उतरतात आणि कार्य आटोपल्यावर दोन-तीन दिवसांत पाळीसोबत मोठा हल्ला येतो. ऑरा असलेल्या बाईने, घरात रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असलेल्या बाईने किंवा नुकतीच बाळंत झालेलीने या गोळ्या परस्पर घेऊच नयेत.

गर्भनिरोधक गोळ्यांचं उत्तर स्पष्ट आहे. तुम्हाला ऑरा आहे, म्हणून एस्ट्रोजेन असलेली मिश्र गोळी नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत ऑरासह मायग्रेन असेल तर ही गोळी वर्ग ४ मध्ये, म्हणजे वापरू नये अशा गटात येते, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. तंबाखू असेल तर आणखी, आणि यात मशेरीही आली, तिच्यातही निकोटिन असतंच. जास्त रक्तस्रावावर एस्ट्रोजेन नसलेले पर्याय आहेत, उदाहरणार्थ लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक सोडणारं, गर्भाशयात बसवायचं साधन (तांब्याची तांबी नव्हे). स्त्रीरोगतज्ज्ञांना "मला डोळ्यांपुढे रेषा येतात" हे शब्दशः सांगा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. रक्त कमी असताना डोकेदुखीवर कुठलाच उपाय नीट लागत नाही.

आता तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात काळजीचा वाटलेला भाग: महिन्यात बारा दिवस गोळी. अर्गोटामिन, ट्रिप्टान (मायग्रेनच्या हल्ल्यावरच्या खास गोळ्या), कोडीन-ट्रॅमाडॉलसारखी औषधं किंवा दोन-तीन घटकांच्या मिश्र गोळ्या महिन्यात १० किंवा त्याहून जास्त दिवस, आणि साधं पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. मोजायचे ते दिवस, गोळ्यांची संख्या नाही. एका दिवशी तीन घेतल्या तरी तो एकच दिवस. तुमच्या मिश्र गोळीत कॅफिनही आहे, म्हणजे चहाच्या हिशेबात तीही धरावी लागते. तुम्ही रेषेच्या पलीकडे गेला आहात. हे असंच चाललं तर आठ-दहा दिवसांचे पंधरा होतात, आणि महिन्यात १५ दिवस डोकं दुखणं तीन महिन्यांवर गेलं, त्यातले किमान आठ दिवस मायग्रेनचे असले, की त्याला दीर्घकालीन मायग्रेन म्हणतात. तिथून परतायला वेळ लागतो.

ही गोळी थांबवायची आहे, पण ती डॉक्टरांच्या आखणीने. थांबवल्यावर पहिले दोन ते दहा दिवस डोकं जास्त दुखतं, त्यामुळे महिनाअखेर, ऑडिट किंवा घरचं कार्य या काळात नको. तीन-चार दिवस रजा काढून सुरुवात करा. याच सुमारास प्रतिबंधक, म्हणजे हल्ले कमी यावेत म्हणून रोज घ्यायचं, औषध सुरू करतात. फरक नीट दिसायला दोन महिने धरा.

तीव्र हल्ल्यावरची गोळी घ्यायची तर वेळेवर घ्या. "थोडं बघते, मग घेते" म्हणत दोन तास काढले की जठर मंदावलेलं असतं, गोळी तशीच पडून राहते आणि चारपट औषध घेऊनही उपयोग होत नाही. दुखणं सौम्य असतानाच, मायग्रेनच आहे हे ओळखू आल्याबरोबर, पूर्ण मात्रा घ्यायची: नॅप्रोक्सेन ५०० किंवा पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅम, मळमळ असेल तर सोबत डॉक्टरांनी दिलेली मळमळीची गोळी. अर्धी गोळी घेऊन बघणं म्हणजे दिवस खर्ची घालून आराम न मिळवणं. एवढ्याने भागत नसेल तर सुमाट्रिप्टान ५० किंवा रिझाट्रिप्टान १० मिलिग्रॅम चिठ्ठीवर मिळतं. हृदयविकार, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ट्रिप्टान वर्ज्य, आणि अर्गोटामिन घेतल्यापासून चोवीस तासांत ते घ्यायचं नाही. ऑरा असेल तर रेषांच्या वेळी थांबा, दुखायला लागलं की घ्या. हल्ल्यावर घ्यायच्या सगळ्या औषधांचे मिळून आठवड्यात दोनच दिवस, ही मर्यादा कॅलेंडरवर खूण करून पाळा.

ऑफिसातल्या गोष्टींवर मी थोडक्यातच बोलतो, कारण त्यांच्यावर उगाच जास्त भर दिला जातो. पाठीमागे खिडकी असेल तर पडद्यावर झळाळी पडते. खिडकी बाजूला येईल अशी खुर्ची फिरवा. पडद्याचा उजेड खोलीइतकाच ठेवा, लुकलुकणारी ट्यूब बदलून घ्या, एसीचा झोत कपाळावर नको. चष्म्याचा नंबर एकदा तपासा, पण नंबर बदलल्याने मायग्रेन जातो अशी आशा नको. घरात-ऑफिसात सतत गडद चष्मा लावला तर डोळे उजेडाला आणखी हळवे होतात, तो उन्हापुरता. अत्तर, परफ्यूम, उदबत्ती यांचा त्रास खरा असतो. शेजारणीला सरळ सांगा, ती समजून घेते. हेल्मेट किंवा केसांची क्लिप घट्ट बसत असेल तर बदला. रात्रपाळी असलेल्या परिचारिका आणि आयटीतल्या मुलींसाठी एकच मागणी महत्त्वाची: पाळी दर दोन-तीन दिवसांनी फिरती नको, एक पाळी किमान दोन-तीन आठवडे सलग हवी.

व्यायामाचा पुरावा चांगला आहे. स्वीडनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ९१ रुग्णांपैकी काहींना आठवड्यात तीनदा ४० मिनिटांचा व्यायाम, काहींना शिथिलीकरण आणि काहींना टोपिरामेट हे प्रतिबंधक औषध दिलं. तीन महिन्यांनी तिन्ही गटांत हल्ले सारख्याच प्रमाणात कमी झाले. दिल्लीच्या एम्समधल्या २०२० च्या चाचणीत औषधांसोबत योग करणाऱ्यांना नुसती औषधं घेणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झाला. चूक होते ती सुरुवातीला: पहिल्याच दिवशी उन्हात, रिकाम्या पोटी जोरात पळायचं, डोकं उठवायचं आणि सोडून द्यायचं. पहिले दोन आठवडे १५ मिनिटं चालणं, मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. बोलता येईल पण गाता येणार नाही इतका वेग. दहा मिनिटं आधी पाणी आणि अर्धं केळं. स्टेशन ते ऑफिस हा टप्पा रोज पायी केलात तरी सुरुवात होते.

नोंद तीन महिने ठेवा. मोबाइलच्या अ‍ॅपपेक्षा स्वयंपाकघरातलं कालनिर्णय बरं, त्यावर संकष्टी, एकादशी आधीच छापलेली असते. रोज एक ओळ पुरते: झोप किती ते किती, पहिला चहा, सगळ्यात मोठा उपाशी काळ, पाळीचा दिवस, डोकं दुखलं तर शून्य ते दहापैकी किती, कुठली गोळी किती वाजता. उदाहरणार्थ: "११ ते ५, चहा ५.१५, १० ते ३ उपाशी, पाळी दिवस १, डोकं ७, दुपारी ४, नॅप्रोक्सेन ४.१०, सहाला उतरलं." न दुखलेल्या दिवसांचीही नोंद हवी, नाहीतर तुलना कशाशी करणार? दुखल्यावर मागे वळून कारण शोधलं तर कारण नेहमीच सापडतं, खरं असो वा नसो.

महिन्यात चार किंवा जास्त दिवस डोकेदुखीत जात असतील तर प्रतिबंधक औषधाबद्दल बोलायला हवं, तुमचे आठ-दहा आहेत. प्रोप्रॅनोलॉल दम्यात चालत नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलिनने सकाळी सुस्ती येते, म्हणून ते संध्याकाळी लवकर घ्यायचं. फ्लुनारिझिनने वजन वाढतं, मन उदास होऊ शकतं, ते वर्षानुवर्षं चालू ठेवायचं औषध नाही. दिवस राहण्याची शक्यता असेल तर व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट टाळतात, म्हणून तो बेत आधीच सांगा. कुठलंही औषध पुरेशा मात्रेत दोन महिने घेतल्याशिवाय "लागू पडलं नाही" म्हणू नका.

नोकरी सोडल्याने मायग्रेन जात नाही. घरी असलेल्या बायकांनाही तो असतोच, आणि त्यांचे जेवणाचे तास कित्येकदा आणखी विस्कटलेले असतात. हवं आहे ते ठरलेल्या वेळी जेवायची मुभा, हल्ला आला तर वीस मिनिटं अंधाऱ्या खोलीत बसायची सोय आणि गोळी घेतल्यावर दोन तास काउंटरऐवजी मागचं काम. हे लेखी मागा, सोबत डॉक्टरांचं पत्र जोडा.

आणि पुढचं काही झालं तर कालनिर्णयावर लिहीत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठा: एका मिनिटात शिगेला पोचणारी, आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी, ताप आणि ताठ मान, हातापायात कमजोरी, बोलण्यात अडखळणं, नजर जाणं, ऑरा तासाभराहून जास्त टिकणं, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, जिच्यामागे वाढलेला रक्तदाब किंवा मेंदूतल्या शिरेतली गुठळी असू शकते. खोकल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढणारी, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखीही आठवडाभरात दाखवा.